बुद्धिबळात वरच्या रेटिंगवाल्याविरुद्ध जिंकत आलेला डाव घालवता? या चुका टाळा

स्विस स्पर्धेच्या, म्हणजे हरलं तरी कुणी बाद होत नाही अशा स्पर्धेच्या, पहिल्या फेरीत रेटिंगच्या यादीतल्या वरच्या अर्ध्याची गाठ खालच्या अर्ध्याशी पडते. पेअरिंग, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी ते, लागतं, समोर साडेतीनशे रेटिंग जास्त दिसतं आणि मुलांचे खांदे तिथेच पडतात. अरे, दोनशेचा फरक असला तरी एलोच्या, म्हणजे खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या रेटिंग पद्धतीच्या, हिशेबानं शंभर डावांत कमी रेटिंगवाल्याच्या वाट्याला साधारण २४ गुण येतात!

हे गुण हातचे जातात ते बहुतेक एकाच खोडीमुळे. समोरचा भराभर खेळतोय म्हणून आपणही भराभर खेळायचं. माझ्याकडे शिकणारा तेरा वर्षांचा मुलगा काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, समोरच्यापेक्षा एक घोडा जास्त. समोरच्याच्या घड्याळात मिनिटभरसुद्धा नव्हतं, तो दर चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांच्या वाढीव वेळेवर जगत होता. याच्याकडे २३ मिनिटं. तरी हाही लगेच हात टाकायला लागला. आठव्या ओळीवरचा हत्ती उचलून त्यानं ए२ वरचं प्यादं खाल्लं. राजापुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती. पांढरा हत्ती ई८ वर आला आणि मात झाली. प्यादं एच६ वर ढकलून राजाला पळायला घर देणारी एक चाल आधी खेळला असता तर डाव त्याचाच होता. पोर बराच वेळ पटासमोरून उठलं नाही.

माझी सवय सांगतो. समोरच्याची चाल झाली की आधी ती लिहायची, पेन खाली ठेवायचं, मग पटाकडे बघायचं. आपली चाल मात्र खेळण्याआधी लिहू नका, नियमात बसत नाही.

चांगल्या स्थितीत ड्रॉ मागू नका. २०२५ च्या महिला विश्वचषकात पंधरावं मानांकन असलेली नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीत अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर बसली. दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही (कमी वेळेचा डाव) बरोबरीत. दुसरा रॅपिड तिनं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. भारताच्या दोघीच समोरासमोर, आणि वय १९! शेवटपर्यंत खेळत राहिल्यावर काय मिळतं ते यात दिसतं.

आदल्या रात्री व्हिडिओ बघून ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, सापळे पाठ करू नका. दहाव्या चालीनंतर काय करायचं हे त्यात नसतं. अशा घाईनं तयार झालेली मुलं मला रोज भेटतात.

मोहरं सरळ करायचं असेल तर हात लावण्याआधी सांगा.

आणि ड्रॉ खरंच हवा असेल तर आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा.