चाती दीर्घिका शोधताना या चुका टाळा

कोल्हापूरहून पन्हाळ्यावर दुर्बीण घेऊन जाणारे अनेक हौशी निरीक्षक षडंश तारकासमूहातील एनजीसी ३११५ (एनजीसी ही खगोलीय वस्तूंची एक सूची) म्हणजेच चाती ही दीर्घिका शोधतात आणि ती नेत्रिकेत, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात, आलेली असतानाही तिला ओळखत नाहीत. याचे मुख्य कारण असे की, दीर्घिका म्हटले की सर्पिल भुजा दिसणार, असे आपण मनाशी धरून बसलेलो असतो. ही दीर्घिका मात्र भिंगाकार आहे. तिच्यात वायू फारसा उरलेला नाही, नवे तारे क्वचितच जन्मतात आणि भुजाही नाहीत. शिवाय ती आपल्याला कडेने दिसते, म्हणून मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी प्रकाशाची रेघ शोधावी. इचलकरंजीच्या सूतगिरण्या पाहिलेल्यांना चाती, म्हणजे सूत ज्यावर गुंडाळले जाते ती काडी, हे नाव किती नेमके आहे, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरी चूक नावाची. कालेय तारकासमूहातील एनजीसी ५८६६ या दीर्घिकेलाही चातीच म्हणतात, त्यामुळे स्वयंचलित दुर्बिणीला नाव न देता क्रमांक द्यावा. हाताने शोधायची असल्यास मघा ताऱ्यापासून जवळजवळ सरळ दक्षिणेला सुमारे २० अंश, म्हणजे लांब धरलेल्या हाताच्या दोन मुठी, उतरावे.

वेळेची चूक पन्हाळ्यावर विशेष महागात पडते. तेथून कोल्हापूरचा उजेड आग्नेयेला दिसतो आणि संध्याकाळी ही दीर्घिका त्याच बाजूने वर येते. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास ती दक्षिणेला ६५ अंश उंचीवर पोहोचते, तोवर थांबावे. तेवढ्या वेळात दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो आणि डोळेही अंधाराला सरावतात. या काळात मोबाइलकडे एकदा पाहिले तरी डोळ्यांची अर्ध्या तासाची तयारी वाया जाते.

कमी वर्धन, म्हणजे प्रतिमा कमी पट मोठी करून पाहणे, ही चूक मात्र सर्वांत जास्त आढळते. दीर्घिकांसाठी कमी वर्धनच योग्य, हा सल्ला येथे लागू पडत नाही, कारण हिचा गाभा तेजस्वी आणि आकार लहान असल्यामुळे कमी वर्धनात ती धूसर ताऱ्यासारखी भासते. दीर्घिका सापडल्यावर वर्धन १०० ते १५० पट करावे आणि नजर किंचित बाजूला ठेवून पाहावे, म्हणजे रेघेची टोके हळूहळू लांबत गेल्यासारखी दिसतात.

रंगांची अपेक्षा ठेवू नये. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी २२ फेब्रुवारी १७८७ रोजी ही दीर्घिका शोधली, तेव्हा त्यांनाही असाच रंगहीन प्रकाश दिसला असणार. तो प्रकाश सुमारे ३ कोटी २० लाख वर्षे प्रवास करून आलेला असतो.