चार कोअर, २५ टक्के: सीपीयूचा ग्राफ तपासायचा कसा

मार्चअखेर होती. पतसंस्थेच्या सर्व्हरवर व्याजाची आकारणी चालू, शाखांमधून फोनवर फोन, आणि सर्व्हरवर नजर ठेवून ग्राफ काढणाऱ्या माझ्या कॅक्टायवर सीपीयू २५ टक्क्यांवर निवांत. "मशीन तर रिकामंच आहे," असं मी साहेबांना सांगूनही टाकलं. मग मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी ‘टॉप’ ही कमांड उघडून १ दाबला. सीपीयूच्या आत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार कोअरपैकी एक शंभरावर, बाकीचे तीन बसून. आकारणीचा प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालणारा, त्याला दुसरा कोअर वापरताच येत नव्हता. ग्राफ बरोबर होता, वाचणारी चुकली होती.

तेव्हापासून ग्राफची शंका आली की मी त्याच्यावर आधी माहितीतलं वजन टाकते, किलोचं माप ठेवून दुकानातला काटा बघतात तसं. रात्री, गर्दी नसताना, एकच अक्षर अखंड छापत राहणारी ‘येस’ ही कमांड चालवायची आणि तिचं आउटपुट ‘डेव्ह नल’ या कचरापेटीत सोडायचं. एक कोअर पूर्ण भरतो. निदान १५ मिनिटं चालू द्या, कारण आमचं कॅक्टाय पाच मिनिटांनी एकदाच विचारपूस करतं. चार कोअरच्या मशीनवर यूजर (प्रोग्रॅमचा वेळ) आणि सिस्टिम (ऑपरेटिंग सिस्टिमचा वेळ) मिळून ग्राफ साधारण २५ ने चढला, तर काटा बरोबर.

१०० ने चढला, तर भागाकार राहिलाय. कॅक्टाय ज्यातून मशीनला आकडे विचारतं त्या एसएनएमपीतून येणारे सीपीयूचे कच्चे आकडे टक्के नसतातच. मशीन सुरू झाल्यापासूनचे ते टिक असतात, कोअरमागे सेकंदाला १००. चार कोअरची बेरीज ४००. कोअर मोजणारी ‘एनप्रोक’ ही कमांड जो आकडा सांगेल त्याने सीडीईएफमध्ये, म्हणजे कॅक्टायच्या ग्राफच्या सूत्रात, भागा.

इथेच एक खड्डा आहे, मी त्यात दोन दिवस घालवले. कॅक्टाय आकडे साठवतं त्या आरआरडी फाइलमध्ये कमाल मर्यादा १०० असेल, तर त्यावरचा आकडा ती सरळ फेकून देते. निवांत मशीनचा आयडल, म्हणजे रिकामा वेळ, असतो ४०० च्या आसपास. म्हणजे मशीन मोकळं असताना आयडलचा ग्राफ कोरा! मी एसएनएमपीला दोष देत बसले. कॅक्टायच्या टेम्प्लेटमधली मर्यादा वाढवली, तरी काही हललं नाही, कारण आधीच तयार झालेल्या फाइलला तो बदल कळत नाही. तिच्यावर ‘आरआरडीटूल ट्यून’ वेगळं चालवावं लागतं. गेलेले आकडे मात्र परत येत नाहीत.

वजन टाकूनही ग्राफ हललाच नाही, तर घरगुती स्क्रिप्ट उघडून बघा. आमच्याकडच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये सीपीयूचे आकडे देणारी ‘व्हीएमस्टॅट’ ही कमांड एकदाच चालवून शेवटची ओळ उचललेली होती. एकदाच चालवली की आकड्यांची ती एकच, पहिली ओळ येते, आणि पहिली ओळ ही मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मशीन महिनोन् महिने चालू असेल तर ती रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट. ‘व्हीएमस्टॅट १ २’ द्या आणि दुसरी ओळ घ्या. कॅक्टायऐवजी झॅबिक्स वापरत असाल तर सीपीयू मोजणाऱ्या आयटममधला प्रकार बघा: काहीच न लिहिता सोडलं तर फक्त यूजरचा वेळ मोजला जातो.

लहान उसळ्या दिसत नसतील तर बिघाड शोधू नका. ४० सेकंद १०० टक्के चाललेला जॉब पाच मिनिटांच्या सरासरीत १३ टक्के दिसतो, महिन्याच्या ग्राफवर तर विरघळतोच. सरासरीसोबत कमाल आकडाही साठवा. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर ‘स्टील’ची (steal, हिरावला गेलेला वेळ) रेघ जरूर काढा. तुमच्या वाट्याचा सीपीयू शेजारी किती खातोय, ते फक्त तिथेच दिसतं.

आणि चाचणी झाली की ‘येस’ बंद करा. मी एकदा विसरले. सकाळी येऊन बघते तर ग्राफ रात्रभर २५ टक्के दाखवत होता, अगदी बरोबर.