रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय, ते कसं शोधावं

सकाळी सेल्फ मारला की नुसती कटकट, जंप दिला की गाडी चालू, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण सरळ नवी बॅटरी घालतात. कधी कधी ते बरोबरही असतं. पण गाडीतलंच काहीतरी करंट खात असेल, तर नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत बसते आणि पैसे पाण्यात जातात.

आधी थोडा हिशेब. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण 35 एएच (अँपिअर-तास, म्हणजे 1 अँपिअर करंट एक तास) क्षमतेची बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉकिंग आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी मिळून 20 ते 50 मिलीअँपिअर घेतात, आणि तेवढं चालतं. 50 धरले तरी दिवसाला 1.2 एएच, म्हणजे चांगली बॅटरी एका रात्रीत उतरायचं कारण नाही. डिकीतला 5 वॅटचा दिवा रात्रभर जळत राहिला तर 12 तासांत जवळपास 5 एएच जातात. धडधाकट बॅटरी तेही सोसते, चार वर्षांची थकलेली मात्र सोसत नाही. म्हणून पहिला संशय बॅटरीवरच घ्यायचा.

बॅटरी दोषी आहे का?

बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या. मग 10 नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मल्टीमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं, तर बॅटरी ठीक आहे, चोर गाडीत आहे. 12.2 किंवा त्याखाली गेलं असेल तर बॅटरीच बदला, पुढचं काही करायला नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने ती धुऊन काढा. टर्मिनल लावून इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बॅटरी भरतच नाहीये. नव्या गाड्यांत हा आकडा जरा वरखाली होतो, तेवढ्याने घाबरू नका.

मीटर लावण्याआधी

बाहेरून बसवून घेतलेल्या वस्तू आठवा: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा, पायाखालचे रंगीत एलईडी, सॉकेटमध्ये कायम खुपसलेला मोबाइल चार्जर. माझ्या मते निम्मी भानगड इथेच असते. त्यातही बाहेरून बसवलेला स्टिरिओ आधी बघा. त्याची पिवळी वायर सहसा कायमच्या सप्लायची असते आणि लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणारी. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिळून टेप मारतात, मग चावी काढली तरी स्टिरिओ झोपत नाही. फास्टॅगला उगाच दोष देऊ नका. त्याला बॅटरी लागत नाही आणि गाडीच्या वायरिंगशी त्याचा संबंधही नाही.

डिकीचा दिवा बंद होतो की नाही हे बघायचा सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवायचा आणि डिकी लावायची. ग्लोव्हबॉक्सचंही तसंच.

मीटरने करंट मोजणे

मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला आणि डायल डीसी अँपिअरवर ठेवा. बोनेट उघडा. फ्यूजबॉक्स डॅशखाली असेल तर त्या बाजूचा दरवाजा आधीच उघडा आणि दरवाजाचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दरवाजा लागलाय असं वाटेल. (नंतर हँडल ओढून लॅच सोडवा, मगच दरवाजा लावा.) चावी काढा. स्मार्ट की असेल तर ती घरात दूर ठेवा, जवळ असली तर गाडी जागी राहू शकते.

आता लाल क्लिप निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला आणि काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. त्यानंतरच क्लॅम्प उचला. सप्लाय मध्ये तुटला तर अडकलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) कधी कधी आपोआप सुटतो आणि दोष लपून बसतो. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन किंवा सेल्फ अजिबात नको, मीटरचा फ्यूज उडेल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. थांबा. गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला 15 ते 45 मिनिटं घेतात, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. आकडा 0.03 अँपिअरवर (म्हणजे 30 मिलीअँपिअरवर) स्थिरावला तर सगळं ठीक. 0.30, 0.80 असा अडून बसला तर चोर सापडलाच समजा.

एकेक फ्यूज काढत जा. काढल्याबरोबर आकडा धाडकन खाली आला, तर दोष त्याच सर्किटमध्ये. काढलेला फ्यूज लगेच परत घालू नका, त्याने युनिट पुन्हा जागं होतं. जागा विसरू नये म्हणून आधी फ्यूजबॉक्सचा फोटो काढून ठेवा. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. त्या फ्यूजवरच्या वस्तू एकेक करून सोडवा, रिलेसुद्धा काढून बघा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरवर संशय घ्या. त्याचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असेल तर गाडी तासन्‌तास बंद असूनही तो हाताला कोमट लागतो. खात्रीसाठी बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, डायोड प्लेट घरी बदलायच्या भानगडीत पडू नका.

मोजून झालं की आधी क्लॅम्प बसवा, मग क्लिपा काढा, आणि मीटरची लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. ती 10 अँपिअरमध्येच राहिली आणि कोणी व्होल्टेज बघायला गेलं, तर थेट शॉर्ट होईल.

दुरुस्ती होईपर्यंत रात्री निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवलं तरी भागतं. फक्त सकाळी घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत स्टिरिओचा कोड आणि खिडकीची ऑटो सेटिंगही.