शोधनिबंध लिहिताय? या चुका टाळा

‘कोकणातील मत्स्यव्यवसाय : एक अभ्यास’, ‘आंबा बागायतदारांच्या समस्या व उपाय’. कॉलेजांतल्या प्रकल्पांच्या यादीत ही शीर्षकं दरवर्षी हटकून सापडतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा पंचवीस पानांत कोंबायचा म्हटलं की हाती सरकारी पुस्तिकेची नक्कल येते. त्यापेक्षा असं विचारा : हर्णैच्या लिलावात सुरमईचा भाव कसा ठरतो आणि त्यातलं खलाशाच्या हाती किती पडतं? याला एक बंदर, एक हंगाम आणि भेटता येतील इतकी माणसं पुरतात. विषयापुढे प्रश्नचिन्ह देता येत नसेल, किंवा उत्तर काय येणार हे आधीच ठाऊक असेल, तर तो अजून कच्चा आहे. गाईडकडे जाण्याआधी एवढं तपासलंत तरी दोन फेऱ्या वाचतील.

आकडा घेतला, हद्द विसरली

माझ्या मते सगळ्यात जास्त निबंध इथे फसतात. रत्नागिरी जिल्ह्याची १९७१ ची जनगणना घ्यायची, १९९१ ची घ्यायची, आलेख काढायचा. रेघ धाडकन खाली येते. मग ‘मुंबईकडे स्थलांतर’ या मथळ्याखाली दोन पानं भरली जातात. पण १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. म्हणजे ते दोन आकडे दोन वेगवेगळ्या प्रदेशांचे आहेत आणि त्या घसरणीतला मोठा वाटा नकाशाचा आहे. आणखी मागे गेलात तर गुंता वाढतो, कारण सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं आणि इंग्रजी अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्यात ते मोडत नव्हतं. उत्तरेकडेही तेच : पालघर २०१४ साली ठाण्यातून निघाला.

उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. तालुकावार आकडे काढून जुनी हद्द स्वतः जुळवा आणि कशी जुळवली ते लिहा. वेळ नसेल तर विभाजनानंतरचीच वर्षं घ्या. लोकसंख्येतली घट दाखवायचीच असेल तर ती तिथेही मिळते : रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली १६,९६,७७७ लोक होते, २०११ साली १६,१५,०६९.

आकडा बरोबर आणि अर्थ चुकीचा, असंही होतं. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. यावरून ‘कोकणात मुलीच्या जन्माचं स्वागत होतं’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो. वाचायला छान वाटतं. पण ० ते ६ वयोगटाचा तक्ता उघडला की तिथे मुली मुलांपेक्षा कमीच निघतात. वरचा आकडा कामासाठी मुंबईला गेलेल्या पुरुषांची गैरहजेरी मोजतो.

मासळीचंही तसंच. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आपापल्या पद्धतीने उत्पादनाचा अंदाज काढतात. एक वर्ष इथून, एक तिथून असं एका तक्त्यात मिसळू नका. कोकणातल्या कातळशिल्पांवर (सड्यावरच्या खडकात कोरलेल्या प्राचीन चित्रांवर) लिहिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : ती २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यामुळे त्यांना सरळ ‘जागतिक वारसा स्थळ’ म्हणता येत नाही. त्यांच्या वयाबद्दलही अभ्यासकांत एकमत नाही. ‘इतक्या हजार वर्षांपूर्वीची’ असं ठोकून देण्याऐवजी कोण म्हणतं आणि कशाच्या आधारे, ते लिहा. आणि तौक्ते वादळाने २०२१ साली आपल्याकडे नुकसान केलं खरं, पण ते जमिनीवर आलं गुजरातेत. श्रीवर्धनजवळ धडकलं ते जून २०२० चं निसर्ग.

माणसांना विचारताना

गुगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, दोन दिवसांत साठ उत्तरं गोळा करायची आणि मथळा द्यायचा ‘मच्छीमारांचे मत’. त्यातल्या किती जणांनी जाळं हातात धरलंय? प्रश्न कोळ्यांबद्दल असेल तर बंदरावर जावं लागतं, आणि वेळ बघून जावं लागतं. लिलावाच्या गडबडीत प्रश्नावली काढलीत तर कोणी उभं करणार नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, जाळी दुरुस्तीला निघतात, माणसं बोलायला मोकळी असतात. मात्र तेव्हा सांगितलेली हंगामाची कमाई आठवणीतून आलेली असते. शक्य असेल तर तिला लिलावाच्या पावत्यांचा आधार शोधा.

स्थलांतराचा सर्व्हे गणपतीत करणारेही असतात. तेव्हा घरं भरलेली, चाकरमानी आलेले, वाडी गजबजलेली. जुलैत त्याच वाडीत जाऊन बघा. दोन्ही वेळा गेलात तर उत्तम, पण एकदाच जमलं असेल तर महिना ठळकपणे नोंदवा.

मामाच्या बागेपासून सुरुवात करायला हरकत नाही, तिथेच थांबणं वाईट. फवारणीचा खर्च बागायतदार सांगेल. बागेत राबणारा नेपाळी कामगार वेगळंच काही सांगेल. पर्ससीनवरचा (यांत्रिक बोटीवरून मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावरचा) वाद लिहिताना फक्त रापणवाल्यांशी, म्हणजे किनाऱ्यावरून पारंपरिक जाळं ओढणाऱ्यांशी, किंवा फक्त पर्ससीन मालकांशी बोललात तर ती एका बाजूची कैफियत होते. किती जणांना भेटलात, कसे निवडलेत, कोणी नकार दिला, हे लिहायला लाजू नका. वीसच माणसं असतील तर वीसच म्हणा. ‘कोकणातील शेतकऱ्यांचे मत’ म्हणू नका. बोलणं रेकॉर्ड करण्याआधी विचारा, नावं बदला. आजी मालवणीत बोलल्या असतील तर वाक्य मालवणीतच ठेवा, पुस्तकी करू नका.

न वाचलेले संदर्भ

दुसऱ्याच्या प्रबंधातली संदर्भसूची जशीच्या तशी उचलणं ही जुनी खोड. आता त्यात एआयने रचून दिलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या लेखांची भर पडली आहे. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र कधी छापलाच गेला नाही! प्रत्येक शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर शोधा, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) असेल तर उघडून बघा. जे तुम्ही उघडून वाचलं नाही ते सूचीत नको. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर फुकट वाचता येतात. आपल्या विषयावर आधी कोणी काय केलंय हे तिथे पहिल्याच आठवड्यात बघा. रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटिअर जरूर वापरा, पण ‘येथील लोक असे आहेत’ म्हणून नव्हे, तर त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी काय टिपलं म्हणून.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, उचलेगिरीविषयीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ही सूट उचलेगिरीचा कोटा समजली जाते, ते चूक. इंग्रजी परिच्छेदाचा मराठी अनुवाद करून नाव न देणं हीही चोरीच, सॉफ्टवेअरला सापडो वा न सापडो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तर सॉफ्टवेअर वाचूच शकत नाही आणि संपादकाकडे भलतीच अक्षरं उमटतात. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा.

लिहिताना प्रस्तावनेतच महिना घालवू नका. तक्ते आणि निरीक्षणं आधी, प्रस्तावना नंतर, गोषवारा सगळ्यात शेवटी.

छापायला पाठवताना ‘पैसे भरा, चार दिवसांत प्रमाणपत्रासह प्रसिद्धी’ असा मेसेज आला तर त्या अंकाचं संपादक मंडळ कोण आहे ते बघा, त्यातल्या एखाद्याला थेट मेल करा, मागच्या अंकातले दोन लेख वाचा. ‘यूजीसी-केअर मान्यताप्राप्त’ अशी पाटी अजूनही मिरवली जाते, पण केअर ही मान्य नियतकालिकांची यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली. चांगल्या नियतकालिकाकडून उत्तर यायला महिने लागतात आणि बहुतेकदा ते दुरुस्त्यांसह येतं. प्रत्येक हरकतीपुढे तुम्ही काय बदललंत, किंवा का बदललं नाहीत, हे क्रमवार लिहून सुधारित प्रतीसोबत पाठवा.