काकांचा शाळेचा दाखला काढायला गेले तेव्हा

चुलतकाका मुंबईत, शाळा राजापूर तालुक्यातली, खेपा माझ्या. चार झाल्या. तुमच्या दोन वाचाव्यात म्हणून सांगते.

गणपतीत गावी आल्यावर काढू म्हणाल तर शाळेला सुट्टी. त्याआधीच जा, आणि पहिलीत घातल्याचं अंदाजे साल घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा. दाखला निघतो जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेत घातलेल्या प्रत्येक पोराची नोंद असते त्या वहीवरून. भावंडाचा जुना दाखला असेल तर न्या, त्यावरच्या रजिस्टर नंबरने शोधायला सोपं जातं. आमच्या काकांचं नाव सापडेना, कारण चढवलेलं होतं 'बाबल्या'! पानं पावसाळी ओलीने चिकटलेली. गुरुजींनी लाकडी पट्टीने एकेक सोडवलं.

दुसऱ्यासाठी जाताय तर संमतीपत्र आणि आधारची झेरॉक्स हवीच. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या.

"रजिस्टर मिळत नाही" म्हणाले तर आधी केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे) जा, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. तरी हललं नाही तर ज्याचा दाखला त्याच्याच नावाने माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. "नोंद का नाही" विचारू नका, "अमुक सालच्या पानाची प्रत द्या" म्हणा.

आणि आठवीपर्यंतच्या पोराची शाळा बदलताय? जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. कागदावर लिहूनच न्या.