भांडं भट्टीत फुटलं, तरी चूक आधीची असते: मातीकाम शिकताना या चुका टाळा

भांडं फुटलं की नवखे लोक भट्टीला दोष देतात. खरं तर बहुतेक वेळा बिघाड त्याआधीच, माती निवडताना किंवा वाळवताना झालेला असतो.

सातारा-सांगलीकडची पहिली चूक म्हणजे कृष्णाकाठची काळी माती रानातून उचलून थेट कामाला घेणं. हाताला ती छान चिकट लागते, पण पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, तशाच भांड्यालाही पडतात. कुंभार मातीत राख, लीद, वाळू मिसळतात ते उगीच नाही. शिवाय या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याचा काही दिवसांनी टवका उडतो! म्हणून माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळून घ्या. माझं मत विचाराल तर सुरुवात तयार मातीवरच करावी.

एप्रिल-मेमध्ये जत-आटपाडीकडच्या कोरड्या वाऱ्यात भांडं उघडं ठेवू नका. कड आधी वाळून आक्रसते, बूड ओलंच राहतं आणि या ओढाताणीत तडा जातो. वर प्लास्टिक सैलसर झाका. भांडं जरा घट्ट झालं की पालथं घाला. कपाचा कान जोडताना कान आणि कप सारखेच ओलसर हवेत. दोन्हीकडे ओरखडे काढून, मध्ये पातळ चिखल लावून दाबा.

पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे उलटी अडचण. भांडं वरून कोरडं दिसतं, आत ओल असते. गालाला लावून पाहा, गार लागलं तर अजून थांबा. भट्टीत १०० अंशांना त्या ओलीची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट नसली की भांडं फोडते. लोक हवेच्या बुडबुड्याला बोल लावतात, पण खरी गुन्हेगार ही ओल. त्यामुळे भट्टी १०० अंशांच्या खाली काही तास धरून ठेवावी. भरीव मूर्ती तर आतून पोकळच करावी. जाड मातीतली ओल सहज निघत नाही.

चाकावरच्या भांड्याच्या बुडाला नागमोडी तडा जात असेल, तर बूड बोटांनी नीट दाबलेलं नाही किंवा आत पाणी साचू दिलंय. स्पंजने ते टिपून घ्या. ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा लेप) लावल्यावरही बूड पुसायला विसरू नका; नाहीतर ग्लेझ वितळून भांडं भट्टीच्या फळीला चिकटतं आणि दोन्ही वाया जातात.