एक्क्यासोबत बारीक पान, दोन्ही एकाच रंगाची

टेक्सास होल्डेम पोकरमध्ये हातात आलेली दोन पानं: बदामाचा एक्का आणि बदामाची पंजी. हा हात खेळायचा तो फ्लशसाठी (एकाच रंगाची, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं), एक्क्याच्या जोडीसाठी नव्हे. फ्लॉपवर (टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पानं) एक्का, अठ्ठी, तिर्री पडली आणि समोरचा दर फेरीला मोठी बेट लावू लागला, तर त्याच्याकडे बहुधा एक्का-राजा किंवा एक्का-राणी असते. तिथे पॉट (मधे जमलेल्या चिप्स) लहान ठेवा, फार तर एक बेट कॉल करा (तेवढ्याच चिप्स भरा) आणि पुढे जोर वाढला की पानं टाका.

फ्लॉपवरच तयार फ्लश साधारण 118 वेळांत एकदाच मिळतो. एकाच रंगाची चार पानं मात्र नऊ वेळांत एकदा जुळतात आणि तिथून रिव्हरपर्यंत (शेवटचं, पाचवं सामाईक पान) फ्लश पुरा होण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. म्हणून बटणाजवळच्या (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणारी जागा) जागांवरून आणि दोघांकडेही भरपूर चिप्स असतानाच कॉल करून फ्लॉप बघा.

छक्की-सत्तीपेक्षा मला पंजी जास्त आवडते, कारण एक्का ते पंजी स्ट्रेटही (ओळीने पाच पानं) लागू शकतो. थ्री-बेटलाही (कुणी वाढवलेली बेट आपण पुन्हा वाढवणं) ती छान: एक्का आपल्याकडे असल्यामुळे समोर एक्क्यांची जोडी असण्याचे सहा प्रकार तीनवर येतात. पण टेबलावर कुणी फोल्डच करत नसेल (पानं टाकतच नसेल), तर ही थ्री-बेट नको.